पहिल्या पाण्याचा मान

ज्या कॅनमध्ये काकवी होती त्याच कॅनमधून पाणी नेऊन मी आप्पांच्या नव्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये ओतलं.

कॅन धुतला होता. दोनदा धुतला होता. माझ्या बाजूने बोलण्यासारखं एवढंच आहे, आणि तेही सांगून संपलं.

आता हे करणारा कोण, तर साखर कारखान्याच्या बॉयलरवर तीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच पाळीत पहिला धडा मिळायचा, की बॉयलरच्या पाण्यात साखर जाता कामा नये. चिमूटभरही नाही. साखर गेली की पाण्याला दुधासारखा फेस येतो, तो वाफेबरोबर पुढे सरकतो, आणि जिथे नुसती वाफ जायला हवी तिथे पाणी जाऊन थडकतं. म्हणून लॅबवाला तासातासाला यायचा, नमुना परीक्षानळीत घ्यायचा, वरून दोन औषधं सोडायचा. नळीत जांभळी कडी उमटली की पळापळ. त्या कडीच्या भीतीत माझं अर्धं आयुष्य गेलं. शिवाय तीन माणसांना मी स्वतः या साखरेवरून सगळ्यांदेखत झापलेलं आहे. तिघेही हयात आहेत. त्यांच्या हाती हे लागू नये एवढीच इच्छा.

आमचं मंडळ होतं वाफेची छोटी इंजिनं करणाऱ्यांचं. काचेच्या कपाटात ठेवायची नव्हेत. गुडघ्याएवढी उंच, पण खऱ्या कोळशावर चालणारी, मागे जोडलेल्या चाकांच्या पाटावर दोन मोठी माणसं बसवून ओढणारी. चालवणारा त्या पाटावर पुढे बसतो, गुडघे कानाशी घेऊन, आणि फार गंभीर चेहरा करतो. शहाद्याजवळच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात आम्ही लोखंडी पट्ट्यांचा लंबगोल रूळ टाकला होता. फेरी दोनशे पावलांची. एके काळी अकरा सभासद होते. मग कुणी वारलं, कुणी मुलाकडे पुण्याला गेलं, एकाने सरळ सांगितलं की बायको म्हणते इंजिन की मी. ती दिसायला बरी होती, म्हणून त्याने तिला निवडलं. मी सांगतो आहे त्या संक्रांतीला आम्ही चौघे उरलो होतो. आप्पा, तापीकाठचा एक केळीवाला, नवापूरचा एक पोल्ट्रीवाला आणि मी.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आमची स्पर्धा असे. प्रत्येकाला एकसारखा एक डबा कोळसा. तेवढ्यात ज्याचं इंजिन जास्त फेऱ्या मारील तो पहिला. केळीवाला दरवर्षी पहिला यायचा. माझं इंजिन आजवर सगळ्या वर्षांचं मिळून साडेचार फेऱ्या चाललं आहे, त्यातली शेवटची अर्धी उतारामुळे. एका वर्षी फक्त दोनच इंजिनं आली होती, तेव्हा मी दुसरा आलो, आणि बक्षिसाचा तो नारळ मी वर्षभर देव्हाऱ्यात ठेवला. फोडला तेव्हा सडलेला निघाला.

मंडळात एक रीत होती. नव्या इंजिनाचं पहिलं पाणी, ज्याने ते बनवलं त्याने घालायचं नाही. त्याने माणूस निवडायचा, लग्नात मामा लागतो तसा. त्या माणसाने पाणी आणायचं, भरायचं, आणि पहिली फेरी पुरी होईपर्यंत इंजिनाबरोबर चालत पाण्याच्या काचेवर नजर ठेवायची. काच म्हणजे बॉयलरला बाहेरून लावलेली बोटभर नळी. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. फेरीत काही झालं तर जबाबदार पाणी घालणारा. आजवर काही झालं नव्हतं.

आप्पा तरुणपणी रेल्वेच्या ताप्ती लाइनवर फायरमन होते, इंजिनात कोळसा टाकायचे. वाफेची इंजिनं गेली तेव्हा त्यांना डिझेलवर घेतलं. ते म्हणायचे, "डिझेलवर माले असं वाटे जसं कोनी बँकमा बसाडी दिन्हं." निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचं इंजिन करायला घेतलं, त्याला अकरा वर्षं लागली. दर संक्रांतीला ते इंजिनाशिवाय यायचे, पंच म्हणून, आणि त्या वर्षी केलेला एखादा भाग धोतराच्या फडक्यात गुंडाळून आणायचे. एका वर्षी चाक. एका वर्षी नुसती शिट्टी. आम्ही तो भाग हातोहात फिरवायचो, बारशातलं बाळ फिरवतात तसा. सिलिंडर त्यांनी स्वतः लाकडाचा साचा करून ओतून घेतले होते आणि घरच्या छोट्या लेथवर दोन पावसाळे घालून आतून कातले होते. त्यात बोट फिरवलं की आरशावरून फिरवल्यासारखं वाटायचं.

मग काचबिंदू निघाला. नजर कडेकडेने मिटत मध्ये आली होती. ते म्हणायचे, नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही आणि राहिलेलंही फार दिवस राहणार नाही. मुलगा सुरतला होता, होळीनंतर तो त्यांना घेऊन जाणार होता. भरीला ते जिनिंगचं आवारही विकलं गेलं होतं आणि नव्या मालकाने फेब्रुवारीअखेर रूळ उचला म्हणून निरोप धाडला होता. म्हणजे डोळे, गाव आणि रूळ, तिन्ही एकदम चाललेले. आप्पांना एवढंच हवं होतं, की दिसतंय तोवर आपलं इंजिन आपल्या हाताने एक फेरी चालवायची आणि ते चालताना बघायचं.

डिसेंबरात ते माझ्या घरी आले. शेजारच्या मुलाच्या स्कूटरवर मागे बसून. चहा बशीत ओतला, तो थोडा बशीबाहेर गेला, तिकडे आम्ही कुणी पाहिलं नाही.

"पहिलं पानी तू टाकशी," ते म्हणाले.

"मी?"

"तू बॉयलरवरना मानूस शे. केळीवाला चांगला शे, पन त्याले पानी म्हनजे ठिबक. पोल्ट्रीवालाले पानी म्हनजे कोंबड्यासना पानी. तुले पानी समजस."

ते गेल्यावर मी दोन दिवस फुगून हिंडलो. बायकोने विचारलं, दात दुखतो का.

बोअरचं पाणी आमच्या भागात इतकं जड, की वर्षभरात नवी बादली आतून पांढरी होते. म्हणून इंजिनात आम्ही फक्त पावसाचं पाणी वापरायचो, आणि ते साठवायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या पत्र्याखाली निळा ड्रम असायचा. त्यातलं पाणी न्यायचा माझा कॅन त्या रविवारी सकाळी उचलला तर तळाला तडकलेला. घरात दुसरा एकच कॅन होता, स्वयंपाकघरातला, पांढरा, दहा लिटरचा. कळसाडीच्या साडूने त्यातून आदल्या महिन्यात काकवी पाठवली होती. मी तो विसळत असताना बायको मोरीच्या दारात आली.

"त्याना मझार काकवी व्हती. गरम पानी टाकीसन धोवा."

"धुयेल शे."

"मूठ पोकळ शे त्यानी. मूठमा बी राही जास ते."

यावर मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण त्यानंतर घरात ते मला रोज एकदा ऐकवलं गेलं आहे. मी म्हणालो, "तीस वरीस बॉयलरवर व्हतू मी. माले पानी शिकाडू नको."

मूठ खरोखरच पोकळ होती. जानेवारीच्या थंडीत तिच्यात काकवी मधासारखी थिजून बसली होती. गार पाण्याने दोनदा विसळल्यावर ती हललीसुद्धा नाही. मग मी कॅन भरला, मोटारसायकलच्या टाकीवर उभा ठेवला आणि खड्ड्याखड्ड्यातून निघालो. वाटेभर पाणी त्या मुठीतून आतबाहेर करत होतं. कारखान्यात विरघळवायला मोठी यंत्रं लागतात. मी ते काम एका मोटारसायकलवर केलं.

आवारात पोचलो तेव्हा आप्पांचं इंजिन रुळावर उभं होतं. काळं, लाल कडांचं. मी काही कवी नाही, पण कॅन खाली ठेवून मी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. आप्पांनी रेल्वेची जुनी निळी टोपी घातली होती. पोल्ट्रीवाल्याने नारळ फोडला, केळीवाल्याने तिळगूळ वाटला. मी फनेल लावलं आणि सगळ्यांसमोर, हळूहळू, एकही थेंब न सांडता पाणी ओतलं. कॅन पूर्ण उपडा केला. शेवटी मुठीतलंही झटकून काढलं. कंजुषी म्हणून नव्हे, मान म्हणून.

आप्पांनी कोळसा पेटवला. फावडं हातभर लांबीचं, पण मनगट फायरमनचंच फिरत होतं. त्यांना कोळसा नीट दिसत नव्हता, ते आवाजावरून टाकत होते. वीस मिनिटांत काटा चढू लागला.

तेव्हा काचेत मला फेस दिसला.

हे मी लपवणार नाही. पाण्याची रेघ स्थिर असते. ही रेघ नव्हतीच. नळीभर पांढुरकं काहीतरी वरखाली होत होतं. असला फेस मी कारखान्यात दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा शिट्टी वाजवून सगळं थांबवलं होतं. पण तिथे मला कुणी मान दिला नव्हता. इथे तीन टाळकी माझ्याकडे बघत होती, आप्पा टोपी सारखी करत होते.

"पानी कसं शे?" त्यांनी विचारलं. काच त्यांना दिसत नव्हती.

मी म्हणालो, "बेस शे. नवा बॉयलर शे, जरासा तेलना फेस येस. जाई निंघी."

"मंग सोडू?"

"सोडा, आप्पा."

ते पाटावर बसले. गुडघे कानाशी आले. हात वाफेच्या दांड्यावर ठेवला आणि डोकं जरा तिरकं केलं, कारण आता त्यांना सरळ बघायचं तर तिरकंच बघावं लागायचं. दांडा उघडला. इंजिन हललं. एक वीत. मग हातभर. चाक पुरतं एकदा फिरलं असेल नसेल, धुराड्यातून भसकन तपकिरी फवारा उडाला, आणि आत खट्ट असा एक आवाज झाला. मोठा नव्हता. आडकित्त्यात सुपारी फुटावी एवढा. सिलिंडरमध्ये वाफेऐवजी पाणी भरलं होतं. पाणी दबत नाही, म्हणून लोखंडाला फुटावं लागलं.

इंजिन थांबलं. उजव्या सिलिंडरला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती आणि तिच्यातून पाणी टिपकत होतं.

"काय उडी ऱ्हायनं भो हाई?" केळीवाला शर्ट झटकत म्हणाला. "चिकट शे!"

आप्पांच्या चेहऱ्यावर, टोपीवर, चष्म्यावर तपकिरी थेंब होते, उडता उडता गार झालेले. त्यांनी चष्मा काढला. मग ओठावरचा थेंब जिभेने टिपला. थोडा वेळ तोंडातच ठेवला, चहा बघतात तसा. मला वाटतं त्या एका क्षणात मी जितका म्हातारा झालो तितका नंतरच्या वर्षांत झालो नाही.

"पानी कोनी टाकं?" ते म्हणाले.

त्यांना माहीत होतं. त्यांनीच नेमलं होतं. तरी विचारलं.

"मी, आप्पा."

आप्पा इंजिनाकडे वाकले. आग खाली ओढली, दांडा बंद केला, सगळं रीतीने. मग पाटावरून उठायला हात पुढे केला, तो मी धरायला गेलो. त्यांनी हात थोडा बाजूला नेला आणि पोल्ट्रीवाल्याचा धरला.

स्पर्धा झाली नाही. केळीवाल्याने आपलं इंजिन पेटवलंच नाही, म्हणाला, जमणार नाही आज. डबे बांधताना पोल्ट्रीवाला इंजिनाशी वाकून म्हणाला, "मुंग्या लागल्या, भाई." खरंच लागल्या होत्या. रुळाच्या पट्टीवरून एक रांग सरळ धुराड्यात चढत होती. त्या रुळावरून वेळेवर पोचलेली त्या दिवसाची ती एकच गाडी.

मी आप्पांना वचन दिलं की होळीच्या आत नवा सिलिंडर ओतून, कातून देतो. त्यांनी साचा देऊन टाकला, माझ्यावर विश्वास होता म्हणून नाही, त्यांना तो आता नीट दिसत नव्हता म्हणून. पहिलं ओतीव आलं ते आतून पोकळ्यांनी भरलेलं, जिलबी कापल्यासारखं. दुसरं चांगलं आलं, ते मी लेथवर जास्त कातलं. दट्ट्या आत टाकला तर विहिरीत खडा टाकावा तसा तळाला गेला. या दोन प्रयोगांत होळी होऊन गेली. आप्पा सुरतला गेले त्या दिवशी मी स्टेशनवर गेलो नाही. काय हातात घेऊन जाणार होतो? रूळ आम्ही तिघांनी उचलला. पट्ट्यांवर आता केळीवाल्याच्या गोठ्याचे पत्रे आहेत. त्याचं इंजिन गोडाऊनमध्ये रिकाम्या क्रेटांखाली गेलं. माझं माझ्या घरी आहे, त्याच्यावर बायको पापड वाळत घालते.

तिसरं ओतीव मी पावसाळ्यात कातलं. घाई नव्हतीच आता. रोज थोडं. शेवटी बोट फिरवलं आणि मनाशी म्हटलं, हे जमलं. आयुष्यात बिनचूक केलेलं एकुलतं एक काम, आणि त्याची गरज संपल्यावर केलेलं.

दिवाळीनंतर पोल्ट्रीवाल्याचा फोन आला. आप्पांचं इंजिन आणि लेथ त्याच्या शेडमध्ये ठेवलेलं होतं, लेथला गिऱ्हाईक लागलं होतं, आणि आप्पा एकदा हात लावायला सुरतहून नवापूरला येणार होते. मी सिलिंडर टॉवेलमध्ये गुंडाळून निघालो. विसरवाडीला गाडी बदलली तेव्हा कंडक्टरने मांडीवरच्या गाठोड्याकडे बघून विचारलं, काय आहे. मी म्हणालो, सिलिंडर. तो म्हणाला, गॅसचा असला तर खाली उतरा. पुढचा तास मी एका प्रवाशाला, मग त्याच्या शेजाऱ्याला, वाफेचं इंजिन कसं चालतं ते समजावलं. दोघे नवापूरच्या अलीकडेच उतरले.

आप्पा शेडबाहेर खुर्चीवर बसले होते. पलीकडे हजारभर कोंबड्यांचा कलकलाट. त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला पण नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, आणि मला कळलं की नळीतलं तेवढंही मिटलं होतं.

"कोन शे?"

"मी, आप्पा. बॉयलरवाला."

"हं," ते म्हणाले. "बठ."

पोल्ट्रीवाल्याने आणि मी दोन तासांत सिलिंडर बसवला. साखरेची काजळी लागलेला बॉयलर कोण पेटवणार? म्हणून इंजिन ठोकळ्यांवर उचललं आणि शेडमधल्या कॉम्प्रेसरची हवा त्याला जोडली. खुर्ची जवळ आणली. आप्पांनी दांडा चाचपून उघडला. चाकं फिरायला लागली, हवेतच, जमिनीपासून चार बोटं वर. झिक झिक झिक. कोंबड्या गप्प झाल्या. काय वाटलं त्यांना कोण जाणे.

आप्पा कान लावून ऐकत होते. "पुढे फिरस का मागे?" त्यांनी विचारलं.

"पुढे, आप्पा."

त्यांनी उजव्या सिलिंडरवर तळवा ठेवला. तो हात खूप वेळ तिथे होता. चाकं फिरत होती, इंजिन कुठेही जात नव्हतं. अकरा वर्षांच्या कामाची ती फेरी. बघायला मी होतो आणि पोल्ट्रीवाला होता. ज्याने बघायचं तो नव्हता. मग कॉम्प्रेसरमधली हवा उतरली, झिक आणि झिक यांच्यात अंतर पडत गेलं, आणि थांबलं.

"काम चांगलं करेल शे," आप्पा म्हणाले. मला त्यांनी एवढं कधीच दिलं नव्हतं. आणि मला जरा चांगलं म्हटलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. मी म्हणालो, "आप्पा, बॉयलर सोड्याने उकळून साफ करतो. केळीवाल्याकडे पट्ट्या आहेतच, त्याच्या बांधावर वीस पावलं रूळ टाकू. संक्रांतीला या. पाणी मीच आणतो, या वेळी नव्या कॅनमधून."

पोल्ट्रीवाल्याने कपाळावर हात मारला, तो आवाज मला ऐकू आला.

आप्पांनी टॉवेल मागितला, तळव्याचं तेल पुसलं, घडी करून माझ्या हातात दिला.

"नही भो," ते म्हणाले. "आनि आखो एक सांगी ठेवस. मी मरसू तवय मन्हा तोंडमा पानी टाकाले बी तू येऊ नको."